औषध सोसत नाही म्हणता, पण नेमकं कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाईंचं वय 47, राहणार नांदेड. पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय आणि त्यांना खड्यांपेक्षा भुलीची धास्ती आहे. त्या लिहितात: "मला औषधं सोसत नाहीत. उलटीचं इंजेक्शन दिलं तेव्हा संध्याकाळी मान वाकडी झाली, डोळे वर गेले. दवाखान्यात 'नाटक आहे, घरी न्या' म्हणाले. ट्रामाडॉलनं दुखणं थांबत नाही, नुसतं मळमळतं. धडधडीवर मेटोप्रोलॉल दिली, तर दोन दिवसांत चक्कर येऊन पडले. दाताच्या इंजेक्शननं छाती धडधडते. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पाय दुखतात. आईचीही तीच गत. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर तिला कितीतरी तास मशीनवर ठेवलं होतं. ती अजून सांगते की मला सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलवता येत नव्हतं. कुणाला खरं वाटत नाही. आई-वडील आते-मामेभावंडं. हे सगळं भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगू का? सांगितलं की लोक हसतात."

ताई, सांगा. पण ज्या क्रमानं मला लिहिलंत त्या क्रमानं सांगू नका. आईची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी औषधशास्त्र शिकवतो आणि कॉलेजच्या रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासतो. "सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलत नव्हतं" हे वाक्य वाचल्यावर माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते स्कोलीनचं. पूर्ण भूल देताना घशात नळी घालायची असते. त्यासाठी स्नायू क्षणभर पूर्ण सैल पडावे लागतात आणि स्कोलीन ते काम एका मिनिटात करतं. रक्तात कोलिनेस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते स्कोलीन तोडून टाकतं, म्हणून बहुतेकांत त्याचा असर पाच-दहा मिनिटांत ओसरतो. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच जवळजवळ नसतं. एरवी त्यांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही, ती ठणठणीत असतात. पण स्कोलीन दिलं की श्वासाचे स्नायू काही तास हलत नाहीत. तोवर मशीननं श्वास दिला की माणूस पूर्ण बरा होतो. मात्र झोपेचं औषध मध्येच उतरलं, तर माणूस जागा असतो, ऐकतो, घाबरतो आणि त्याला पापणीही हलवता येत नाही. तुमच्या आई जे सांगत आल्या ते भ्रम म्हणून उडवून लावलं गेलं असेल, पण त्यात रोगनिदान दडलेलं असू शकतं.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच पुरता दिसतो. नात्यात लग्नं होतात त्या घरांत म्हणूनच तो जास्त आढळतो. तुम्ही समाज लिहिलेला नाही आणि एरवी मी विचारलाही नसता. पण आर्यवैश्य समाजात हा दोष इतर लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त आहे, आणि त्यामागचा विशिष्ट जनुकीय बदल 2006 साली कोइंबतूरच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिला. तेलंगणाला लागून असलेल्या आपल्या मराठवाडा-विदर्भाच्या पट्ट्यात या समाजाची बरीच घरं आहेत. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट माहीत असते. तुम्ही त्या समाजाच्या असाल तर तेही आवर्जून सांगा, नसाल तरी तपासणी करायचीच आहे.

तपासणी सोपी आहे. आईंच्या ऑपरेशनचे कागद आता मिळणार नाहीत. रुग्णालयानं ते तीन वर्षं जपायचे असतात, त्यानंतरचा भरवसा नाही. पण आई हयात आहेत ना? मग कागद कशाला हवेत? आज त्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजा. शेतात फवारणी करताना विषबाधा झालेल्या माणसाचं जे रक्त तपासतात, तीच ही तपासणी. त्यामुळे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात बऱ्याच प्रयोगशाळांना ती रोजची आहे. तुमचं आणि आईंचं रक्त एकाच वेळी द्या. आईंचा आकडा शून्याच्या आसपास आला तर कोडं सुटलं. तसं असेल तर तुमच्याकडे एक बिघडलेलं जनुक आलंच आहे. दुसरं वडिलांकडून आलं आहे की नाही, ते तुमचा आकडा सांगेल. एकच असेल तर व्यवहारात फारसा फरक पडत नाही. यकृताचा आजार किंवा फवारणीच्या औषधाचा संपर्क असला तरी आकडा खाली येतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

इथे कुणीतरी म्हणेल, "सिझेरियनला काही झालं नव्हतं, मग आता कशाला?" सिझेरियन बहुधा पाठीतल्या भुलीवर होतं. तिथे स्कोलीन लागतच नाही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला मात्र पूर्ण भूल लागते. आणि यात घाबरण्यासारखं खरोखर काही नाही, कारण स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम अशी औषधं आहेत. ती या एन्झाइमच्या भरवशावर नसतात. डॉक्टरांना आधी माहीत असलं की झालं.

आता मान वाकडी झाल्याचं. उलटीवर आपल्याकडे सर्रास दोन इंजेक्शनं देतात, मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन. पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल या नावांनी ती लोकांना माहीत आहेत. मेंदूत डोपामिनचा मार्ग अडवून ती उलटी थांबवतात. तोच मार्ग स्नायूंच्या हालचालीतही असतो, आणि काही जणांत, विशेषतः मुलं आणि तरुण बायकांत, तो बिघडतो. इंजेक्शनानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मान एका बाजूला ओढली जाते, जबडा आवळतो, जीभ जड होते, बुबुळं वर जाऊन अडकतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. हा झटका मध्येच सैल पडतो आणि पुन्हा येतो. नेमकी याच कारणानं फसगत होते. डॉक्टर बघायला येतात तेव्हा मान सरळ असते, ते वळले की पुन्हा वाकडी. घरचे लिंबू उतरवतात आणि दवाखान्यात "हिस्टेरिया" लिहितात. खरं तर फेनरगनचं एक इंजेक्शन दिलं की पंधरा-वीस मिनिटांत मान सरळ होते. ते देऊन पाहणं हीच तपासणी आणि हाच उपचार. ज्यांनी तुम्हाला घरी पाठवलं त्यांच्याकडे कपाटात ते असणारच. असो.

मान, ट्रामाडॉल आणि मेटोप्रोलॉल या तीन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. डॉक्टरांनाही त्या वेगळ्याच वाटल्या असणार: एक पोटाची, एक दुखण्याची, एक हृदयाची. मला त्या एका धाग्यात ओवलेल्या दिसतात. यकृतात सीवायपी-2डी6 नावाचं एन्झाइम आहे. मेटोप्रोलॉलचा निचरा बहुतांश तेच करतं. मेटोक्लोप्रामाइडच्या निचऱ्यातही त्याचा मोठा वाटा आहे. ट्रामाडॉलचं उलटं. ते पोटात जातं तेव्हा दुखणं थांबवण्याची त्याची ताकद कमी असते, याच एन्झाइमनं त्याचं रूपांतर केलं की खरं वेदनाशामक तयार होतं. आता समजा, हे एन्झाइम तुमच्यात मंद आहे. मग मेटोप्रोलॉल अंगात साठत जाऊन नाडी आणि रक्तदाब खाली जातील, उलटीच्या इंजेक्शनचा डोस तुमच्यापुरता जास्त होईल, आणि ट्रामाडॉल मळमळ देईल पण दुखणं थांबवणार नाही. तुम्ही लिहिलं आहे तेच की हे.

या एन्झाइमची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1975 साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ नावाचे शास्त्रज्ञ डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःच ते घेऊन पाहिलं. सहकाऱ्यांना विशेष काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब एवढा कोसळला की त्यांना उभं राहवेना. प्रयोगशाळेचा प्रमुखच गरगरून पडला म्हटल्यावर "मनाचे खेळ" असं कोण म्हणणार? त्यांनी लघवी तपासली, तर त्यांच्या शरीरात त्या औषधाचं रूपांतर जवळपास होतच नव्हतं. दोन वर्षांनी हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि माणसामाणसांत या एन्झाइमचा वेग वेगळा असतो हे जगाला कळलं. तुमच्या आणि त्यांच्या तक्रारीत फरक काय? त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती.

पण थांबा. लगेच जनुकांची महागडी तपासणी करायला धावू नका. त्याआधी एक प्रश्न: ते त्रास झाले त्या महिन्यांत तुम्ही गजकर्णावर टर्बिनाफिनच्या गोळ्या घेत होतात का? किंवा नैराश्यावर फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन? ही औषधं सीवायपी-2डी6 ला दाबून ठेवतात, म्हणजे चांगल्या एन्झाइमच्या माणसालाही मंद करून टाकतात. टर्बिनाफिनचा हा असर गोळ्या बंद केल्यावरही काही आठवडे राहतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्ण एवढं बोकाळलं आहे आणि टर्बिनाफिन एवढं खपतं आहे, तरी हा संबंध फार कमी जणांच्या लक्षात येतो. त्वचेचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, आणि दोघांच्या चिठ्ठ्या दोन वेगळ्या पिशव्यांत. उत्तर "नाही, असलं काही घेत नव्हते" असेल तर मग जनुकांच्या तपासणीला अर्थ आहे. तीही ऑपरेशनआधी व्हायलाच हवी असं नाही. कारण ती औषधं टाळायची, हे तुमच्या अनुभवावरूनच ठरवता येतं.

आता थोडं कटू. दाताच्या इंजेक्शननं धडधडणं ही संवेदनशीलता नव्हे. भूल जास्त वेळ टिकावी म्हणून त्या इंजेक्शनात ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्यानं कुणाचीही छाती धडधडू शकते. दातांच्या डॉक्टरांना ॲड्रेनॅलिनशिवायचं मागा, विषय संपला.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल मी साशंक आहे. स्टॅटिनमुळे स्नायू खरोखर दुखू शकतात, क्वचित गंभीर इजाही होते, आणि रक्तातलं सीपीके मोजून ती पकडता येते. पण 2020 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभर आळीपाळीनं कधी खरी गोळी, कधी नकली गोळी दिली आणि काही महिने काहीच दिलं नाही. कुठल्या महिन्यात कोणती गोळी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याचा साधारण 90 टक्के भाग नकली गोळीवरही झाला. म्हणजे ते लोक खोटं बोलत होते असा अर्थ नाही. पाय खरंच दुखत होते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आणि तुमचं तोंड तर दोन-तीनदा पोळलं आहे. शरीर प्रत्येक नव्या गोळीकडे डोळे वटारून बघणार, यात नवल ते काय. म्हणून ही एक तक्रार यादीतून खाली घ्या. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुसरी स्टॅटिन, कमी डोसनं, सावकाश करून बघा.

हे सांगण्यामागे कारण आहे. "मला औषधं सोसत नाहीत" असं एकदम म्हटलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. समोरच्या डॉक्टरांना त्यातली दाताची धडधड ओळखू येते आणि ते ठरवतात की उरलेलंही तसलंच. आमच्या व्यवसायातला हा जुना दोष आहे. ओपीडीत बाहेर रांग लागलेली, आणि केसपेपरवर आधीच्या कुणीतरी "ॲन्झायटी" असं खरडून ठेवलेलं. पुढचा माणूस रुग्णाला बघायच्या आधी तो शब्द वाचतो. बाईमाणूस असेल तर तो शब्द आणखी लवकर चिकटतो. झोल्पिडेम ही झोपेची गोळी घ्या. अमेरिकेत 1992 पासून ती पुरुषांना आणि बायकांना एकाच, 10 मिलिग्रॅमच्या डोसनं देत होते. बायकांच्या शरीरातून ती हळू निघते आणि सकाळी गाडी चालवण्याइतकं डोकं जागं नसतं, म्हणून 2013 च्या जानेवारीत तिथल्या औषध नियंत्रकांनी बायकांचा डोस निम्मा करायला लावला. मधली वीस वर्षं ज्या बायका "सकाळी डोकं जड राहतं" म्हणत होत्या, त्यांना काय उत्तर मिळत असेल, याची कल्पना तुम्हाला मी द्यायला नको.

पण डॉक्टरांच्या बाजूनंही एक बोलतो. दहा औषधांवर लाल फुली मारून आलेल्या माणसावर अडीनडीला उपचार करणं खरोखर अवघड असतं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली, तर बहुतेकांना ती नसतेच. तोवर त्यांना वर्षानुवर्षं महागडी आणि जास्त त्रासदायक अँटिबायोटिक्स मिळालेली असतात. त्यामुळे फुली मारायची ती जपून, आणि का मारली ते लिहून.

लिहायचं कसं, तर असं: "मेटोक्लोप्रामाइड 10 मिलिग्रॅम, शिरेतून, सकाळी साडेदहा. संध्याकाळी पाचला मान उजवीकडे ओढली, डोळे वर अडकले, शुद्ध होती, बोलता येत नव्हतं. रात्री आपोआप उतरलं. त्या दिवशी दुसरी औषधं: पॅन्टोप्राझोल. पुन्हा कधी घेतलं? नाही." बस, एवढंच. "फार भयंकर रिॲक्शन आली" हे वाक्य लिहू नका, त्यातून डॉक्टरला काही कळत नाही. औषध, डोस, किती वेळानं, काय झालं, कशानं थांबलं आणि पुन्हा घेतल्यावर पुन्हा झालं का, या गोष्टींवरूनच आम्ही नोंदी तपासताना ठरवतो की संबंध पक्का, संभाव्य की दूरचा. ब्रँडचं नाव पुरत नाही. एकाच नावाच्या पुढे "प्लस", "एमआर" लागलं की आत दुसरंच औषध मिसळलेलं असू शकतं. मेडिकलचं बिल जपा, त्यावर नाव, बॅच नंबर, तारीख सगळं असतं. पुडीत बांधून दिलेली सुटी गोळी असेल तर तिचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. देत नसतील तर ती गोळी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या दवाखान्यातून तुमचे स्वतःचे कागद लेखी अर्ज करून मागता येतात. मागितल्यापासून 72 तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

भुलीआधीच्या तपासणीला ही चिठ्ठी एका पानात न्या. दोन पानं केलीत तर दुसरं कुणी वाचणार नाही. सगळ्यात वर आई: "आईला पूर्ण भुलीनंतर काही तास श्वास आला नाही, शुद्ध होती, हालचाल नव्हती. स्कोलीनबद्दल शंका. कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट सोबत." त्याखाली मानेची नोंद आणि "मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन नको". उलटीसाठी ऑनडान्सेट्रॉन चालेल, त्याची जात वेगळी. त्याखाली "ट्रामाडॉल लागू पडत नाही". हे आवर्जून लिहा, कारण ऑपरेशननंतर वॉर्डात ट्रामाडॉल आणि त्याच्या जोडीला मळमळ नको म्हणून मेटोक्लोप्रामाइड, अशी जोडगोळी बऱ्याच ठिकाणी ठरलेली असते. पॅरासिटामॉल सलाइनमधून, आणि गरज पडली तर मॉर्फिन किंवा फेंटॅनिल थोडं थोडं करून, हा मार्ग त्या एन्झाइमवर अवलंबून नाही. मेटोप्रोलॉलला पर्याय लागलाच तर ॲटेनोलॉल आहे, ते मूत्रपिंडातून जातं. हे सगळं ठरवायचं त्यांनीच, तुम्ही फक्त विचारायचं. विचारतानाही "मला हे देऊ नका" याऐवजी "मागे असं झालं होतं, याऐवजी काय देता येईल?" असं विचारा. डॉक्टरही माणूसच, अडवलं की अडून बसतो.

आणि यादी घेऊन घरच्या घरी गोळ्या बंद करत सुटू नका. रक्तदाबाच्या, फिटच्या, स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम तोडल्या तर दुष्परिणामापेक्षा मोठं संकट येतं.

एवढं करूनही कुणी हसलं तर? भूल देणारे डॉक्टर बदलून मागा. छोट्या नर्सिंग होममध्ये ते बाहेरून येतात, आदल्या दिवशी भेट होत नाही आणि टेबलावर झोपल्यावर ओळख होते. तसं असेल तर सर्जनना सांगून आधी भेट ठरवा, निदान फोनवर तरी बोला. घाईचं ऑपरेशन नाही, चार दिवस पुढे गेलं तरी चालतं.

मानेच्या झटक्याची नोंद सरकारी व्यवस्थेतही करता येते. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला. 1800-180-3024 हा त्यांचा मोफत नंबर. रुग्णांनी स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे, आणि बऱ्याच मेडिकल कॉलेजांच्या औषधशास्त्र विभागात त्यांचं केंद्र असतं. त्यातून तुम्हाला भरपाई वगैरे काही मिळणार नाही. पण तुमची तक्रार कुणाच्या तोंडावर न अवलंबता कागदावर राहते.

आईंचा आकडा शून्याजवळ आला तर मात्र आणखी एक काम करा. त्यांच्या सख्ख्या भावंडांना, म्हणजे तुमच्या मामा-मावश्यांना कळवा. त्यांच्यापैकी प्रत्येकात हाच दोष असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि या वयात हर्निया, मोतीबिंदू, काही ना काही निघतंच. मोतीबिंदूला पूर्ण भूल लागत नाही, हर्नियाला लागू शकते. रिपोर्टची एक झेरॉक्स त्यांच्या फायलीत आजच लावून ठेवायला सांगा.